नसीमासाठी निवडलेली पुस्तके

एकदा एका विद्यार्थिनीची तिच्याच पुस्तकांनी कोंडी केली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेला तिला सरकारी महाविद्यालयात जागा मिळण्याइतके गुण पडले नव्हते. वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायची, असे तिने आणि घरच्यांनी मिळून ठरवले. ते ठरल्यापासून तीन महिन्यांत तिच्या खोलीत अभ्यासाची इतकी साधने जमली की रात्री अंग टाकण्यापूर्वी खाटेवरचे काहीतरी उचलून खाली ठेवावे लागे.

मुलीचे नाव वैदेही चिवटे. राहणार करमाळा. वडील टपाल खात्यात होते आणि मुलीने मागितलेले पुस्तक ते कधी नाकारत नसत. लातूरला शिकणाऱ्या मावसबहिणीने एक भौतिकशास्त्राचे पुस्तक सुचवले, ते आले. मैत्रिणीच्या भावाने दुसरे चांगले म्हटले, तेही आले. कोट्याहून कोणीतरी आणलेल्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती आल्या, सराव परीक्षांचे दोन संच आले, मोबाईलवर व्याख्यानांची तीन ॲप आली. दर आठवड्याला कोणीतरी नवे नाव सांगे आणि ते आपल्याकडे नाही या विचाराने वैदेहीला जेवण जात नसे. ते हाती आले की दोन दिवस तिला हुरूप येई. ती पहिले प्रकरण वाची, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढी, आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कशाचे तरी नाव कानावर येई.

परिणाम असा झाला की पेशीची रचना तिने पाच पुस्तकांतून वाचली होती आणि आनुवंशिकता एकातूनही नाही. प्रत्येक पुस्तकाची पहिली तीस पाने हाताळून मऊ झाली होती. पुढची पाने एकमेकांना चिकटलेली, दुकानातून आली तशीच.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिच्या लक्षात आले की परीक्षेला साडेसहा महिने उरले आहेत. त्या दिवशी तिने वहीचा एक कागद फाडला आणि आपल्याजवळच्या सर्व साधनांची यादी केली. तेवीस नावे झाली. तो कागद घेऊन ती सबनीस बाईंकडे गेली.

सबनीस बाईंनी गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात चौतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी त्यांच्या व्हरांड्यात संध्याकाळी कोणी ना कोणी शंका विचारायला बसलेले असे. वैदेहीच्या आईलाही त्यांनी शिकवले होते, त्यामुळे वैदेहीवर त्यांचा हक्क जरा जास्त होता. बाई कमी बोलत. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षे एकाच शिक्षककक्षात काढली आहेत. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की त्या आधी त्याच्याकडे इतका वेळ पाहत की प्रश्न आपण नीट विचारला का, अशी शंका त्यालाच येई. ही हकीकत त्यांनीच मला सांगितली.

वैदेही आली तेव्हा बाई पावटे सोलत होत्या. तिने यादी पुढे केली आणि म्हणाली की यातले काय ठेवू आणि काय सोडू एवढेच सांगा, तुम्ही सांगाल ते मी डोळे मिटून ऐकेन. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला, तेवीसही नावे सावकाश वाचली. मग कागदाची घडी करून ती पावट्यांच्या ताटाखाली सरकवली.

"माझं एक काम कर," त्या म्हणाल्या. "नसीमा मुजावर माझ्याकडे येते. तिलाही हीच परीक्षा द्यायची आहे. तिच्यासाठी पुस्तकं निवडून दे. आठवड्याची मुदत. आणि तेवढा आठवडा स्वतःसाठी एकही पुस्तक उघडू नकोस."

एकेक दिवस वैदेही मोजत होती आणि बाई तिचे सात दिवस मागत होत्या, तेही दुसऱ्या कोणासाठी, जी याच परीक्षेला बसणार होती तिच्यासाठी. तिच्या यादीबद्दल बाईंनी एक शब्द काढला नव्हता. घरी येऊन तिने आईपाशी तक्रार केली. आई म्हणाली की बाईंचे वय झाले आहे, मनावर घेऊ नकोस. पण थोड्या वेळाने आईनेच पुढे सांगितले की आम्हाला शिकवताना त्यांनी विनाकारण काही करायला लावल्याचे मला तरी आठवत नाही. वैदेहीने राग गिळला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुजावरांच्या घरी गेली.

नसीमा चोवीस वर्षांची होती. बारावीनंतर लगेच कमवायची गरज पडल्याने तिने लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि गावातल्या एका खाजगी लॅबमध्ये ती रक्त-लघवीचे नमुने तपासत असे. डॉक्टर होण्याची इच्छा तिने सहा वर्षे कोणाला सांगितली नव्हती. आता धाकटा भाऊ कामाला लागला होता आणि तिने ती प्रथम सबनीस बाईंना सांगितली होती.

वैदेहीने मनाशी ठरवले होते की काम लवकर उरकायचे. आपल्या यादीतली दहा-बारा चांगली नावे लिहून द्यायची आणि मोकळे व्हायचे. तिने तसा कागद तयारच करून नेला होता. नसीमाने तो वाचला, दोनदा वाचला. तिच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती, पण ती थोडी दबल्यासारखी झाली.

"वैदेही, मला रोज तीन तास मिळतात," ती म्हणाली. "दुपारी तीन ते सहा. यातलं काय काय तेवढ्यात बसेल?"

पुस्तक कसे आहे हे वैदेही सांगू शकत होती. ते या मुलीच्या तीन तासांत बसेल का, हे पुस्तकावरून कळत नव्हते. ते नसीमावरूनच कळले असते. म्हणून, जरा नाइलाजानेच, ती ओट्यावर बसली आणि विचारू लागली. बारावीत काय आवडायचे, कशाची धास्ती वाटायची, आता काय आठवते, काय पार पुसले गेले. नसीमाच्या आईने चहा आणला तो निवून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने एक जुनी प्रश्नपत्रिका नेली आणि नसीमाला ती सोडवायला लावून शेजारी बसून राहिली. रक्तपेशींवरचे प्रश्न नसीमाने पर्याय वाचण्याआधीच सोडवले. रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, असे ती सहज म्हणाली. भौतिकशास्त्रात मात्र ती एकामागून एक चुकत गेली. वैदेहीला आधी वाटले, हिला हा विषय नव्यानेच शिकावा लागणार. पण नीट पाहिल्यावर तिच्या ध्यानात आले की नसीमा सूत्र बरोबर लिहिते, आकडेही बरोबर ठेवते आणि दहाच्या घातांकांचा भागाकार आला की तिथे घसरते. तिला भौतिकशास्त्र येत होते. तिचे अडत होते ते नववीच्या गणिताशी. हे नसीमालाही ठाऊक नव्हते. कळले तेव्हा ती हसली आणि म्हणाली की इतकी वर्षे मी स्वतःला ढ समजत होते.

त्या संध्याकाळी घरी परतताना वैदेही खुशीत होती. बऱ्याच दिवसांनी तिला काहीतरी खरोखर समजल्यासारखे वाटत होते.

मग पुस्तकांची पाळी आली. रसायनशास्त्राची तीन पुस्तके तिने नेली, तिन्हींतले रासायनिक समतोलाचे प्रकरण उघडले आणि नसीमाला प्रत्येकातली दोन-दोन पाने वाचायला दिली. वाचून झाले की पुस्तक मिटायचे आणि काय समजले ते सांगायचे. सगळ्यात जाड आणि सगळ्यात नावाजलेले पुस्तक मिटल्यावर नसीमाला काही सांगता आले नाही. दुसऱ्याचे अर्धे सांगता आले. तिसरे पुस्तक पातळ होते, कोणी त्याचे फारसे नाव घेत नसे. ते मिटून नसीमाने समतोल असा समजावून सांगितला की ऐकता ऐकता वैदेहीलाही तो प्रथमच नीट कळला. जाड पुस्तक तिने परत पिशवीत ठेवले. ते मिळवण्यासाठी तिने दोन महिने वाट पाहिली होती, त्यामुळे ठेवताना मन थोडे हळहळले. पण नसीमासाठी ते नको, याबद्दल तिला शंका उरली नव्हती.

सातव्या दिवशी ती बाईंकडे गेली तेव्हा तिच्या हातात अर्धाच कागद होता. त्यावर चार गोष्टी होत्या: अकरावी-बारावीची क्रमिक पुस्तके, ते पातळ रसायनशास्त्र, दहा जुन्या प्रश्नपत्रिका, आणि पहिल्या तीन आठवड्यांसाठी नववीच्या बीजगणिताचे पुस्तक, जे वैदेहीने स्वतःच्या माळ्यावरून शोधून काढले होते.

बाईंनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, हे का? वैदेहीपाशी प्रत्येकाचे उत्तर होते आणि प्रत्येक उत्तरात नसीमा होती. तिला वेळ किती आहे, तिचे कुठे अडते, तिला कोणत्या भाषेत समजते. बीजगणिताबद्दल सांगताना तर ती इतकी रंगली की बाईंना हसू आले.

"छान निवडलंस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आतून वैदेहीची तेवीस नावांची यादी आणली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "आता हे का?"

वैदेही म्हणाली की मावसबहिणीने सांगितले. बाईंचे बोट खाली सरकले. ते सगळेच घेतात म्हणून. आणखी खाली. पहिल्यात काही राहिले असेल तर हाताशी असावे म्हणून. सहाव्या नावापाशी ती थांबली. पुढची उत्तरे तिची तिलाच ऐकू आली होती.

"बाई, मला भीती वाटते," शेवटी ती हळू आवाजात म्हणाली. "काहीतरी राहून जाईल आणि नेमकं तेच येईल."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. त्यांनी तिला जवळ बसवून घेतले. "नवीन पुस्तक आणलं की ती भीती दोन दिवस गप्प बसते, म्हणून तू आणत राहिलीस. त्यात तुझी काही लबाडी नाही. पण नसीमासाठी निवडताना तू काय केलंस ते आठव. आधी तिला विचारलंस, तिच्या शेजारी बसलीस, तिच्या चुका पाहिल्यास. पुस्तकांकडे शेवटी वळलीस, म्हणून चारात भागलं. स्वतःसाठी निवडताना तू अख्ख्या गावाला विचारलंस आणि स्वतःकडे पाहायचं तेवढं राहिलं. मी त्या दिवशी काही सांगितलं असतं तर तेही तू तेवीसच्या खाली चोविसावं म्हणून लिहिलं असतंस."

बाईंनी यादीची पुन्हा घडी केली.

"डॉक्टर व्हायचंय ना तुला? उद्या तुझ्यासमोर घाबरलेली माणसं येऊन बसतील. दहा जणांनी सांगितलेली दहा औषधं पिशवीत घेऊन येतील. तेव्हा तू काय करशील, अकरावं लिहून देशील?"

"नाही. आधी तपासेन."

"मग तपास," बाई म्हणाल्या.

वैदेही उठली. पायरी उतरता उतरता तिने वळून विचारले की नसीमाला हे सगळे ठाऊक होते का. बाईंनी सांगितले की तिला विचारल्याशिवाय मी तुला तिच्याकडे पाठवले असते का? माझे काम होणार असेल तर मला चालेल, असे नसीमा म्हणाली होती. वैदेहीला हसू फुटले, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आले.

घरी गेल्यावर तिने संगणकावर एक फाईल उघडली. परीक्षेनंतर तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत तिला मिळाली होती, पण निकाल लागल्यापासून ती पाहण्याचे धैर्य तिला झाले नव्हते. चार महिने ती तेवीस साधनांकडे पाहत आली होती आणि या एका उत्तरपत्रिकेकडे पाहायचे टाळत आली होती. तिने आपल्या जागी नसीमा बसली आहे अशी कल्पना केली आणि शेजारी बसून चुका पाहाव्यात तशी एकेक चूक पाहिली. पहिल्या तासाभरात तिला रडू आले. नंतर ते थांबले, कारण चुकांना आकार दिसू लागला. आनुवंशिकता आणि परिसंस्था मिळून जीवशास्त्रातल्या निम्म्याहून अधिक चुका होत्या. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या चुकाही थोड्याच प्रकरणांतल्या होत्या. आणि बारा प्रश्न असे होते, की ते तिला येत असूनही शेवटच्या पंधरा मिनिटांत घाईने चुकले होते. त्या बारांसाठी जगात कुठे पुस्तक मिळत नव्हते. त्यांना घड्याळ लावून सराव हवा होता.

दोन दिवसांनी तिच्या टेबलावर पाच गोष्टी उरल्या. बाकीची पुस्तके वडिलांनी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. पहिले काही आठवडे कोणी नवे नाव सांगितले की तिचा जीव खालीवर होई. मग ती त्या पाचांपैकी एक उघडी, आणि अर्ध्या तासात मन ठिकाणावर येई. फेब्रुवारीत तिने आनुवंशिकतेचे प्रकरण चौथ्यांदा वाचले, आणि चौथ्यांदा वाचताना तिला त्यात असे काही सापडले जे पहिल्या तीन वेळा दिसले नव्हते. ते सांगायला ती बाईंकडे धावत गेली होती. रविवारी नसीमा आणि ती दोघी बाईंच्या व्हरांड्यात बसून जुनी प्रश्नपत्रिका सोडवत, मग एकमेकींच्या चुका तपासत. स्वतःची चूक दुसरीने दाखवली की आधी लाज वाटे. मार्चपर्यंत ती लाजही गेली.

जूनमध्ये निकाल लागला. वैदेहीला सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. नसीमाचे थोडक्यात हुकले.

त्यानंतर दोघींना एकमेकींसमोर कसे यावे कळत नव्हते. अखेर गाव सोडण्याच्या आदल्या दिवशी वैदेहीने माळ्यावरचे पोते आणि टेबलावरची पुस्तके, सगळे वडिलांच्या स्कूटरवरून दोन खेपांत बाईंच्या व्हरांड्यात आणले आणि नसीमाला निरोप पाठवला. नसीमा आली. सगळे तुझे, असे वैदेहीने तिला सांगितले. आपल्याला जे मिळाले ते हिला मिळाले नाही, याची बोचणी तिला होती, आणि देता येईल ते सगळे देऊन टाकावे असे तिला वाटत होते.

नसीमा खाली बसली. तासभर ती पुस्तके चाळत होती. मधे एकदा उठून पाणी प्यायली, पुन्हा बसली. शेवटी तिने दोन पुस्तके काढून घेतली आणि बाकीची नीट रचून ठेवली.

वैदेहीने आग्रह केला. निदान ते जाड रसायनशास्त्र तरी घे, ते सहजासहजी मिळत नाही, असे ती म्हणाली.

"नको गं," नसीमा म्हणाली. "यंदा रसायनशास्त्रात माझं काही अडलं नाही. गुण गेले ते भौतिकशास्त्रात, शेवटच्या वीस प्रश्नांत. मी उत्तरपत्रिका आली त्या दिवशीच पाहिलीय."

वैदेहीने उरलेली पुस्तके पोत्यात भरायला घेतली, नसीमाने पोत्याचे तोंड धरले, आणि भरता भरता दोघी वसतिगृहातल्या जेवणाबद्दल बोलू लागल्या. बोचणी कुठल्या कुठे गेली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी नसीमालाही प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती आली तेव्हा बाईंना फारसे आश्चर्य वाटले नाही. त्या मला म्हणाल्या की हा निकाल मला त्या दुपारीच कळला होता, तिने दोन पुस्तके उचलली तेव्हा.